घोडीच्या वतीने हो म्हणताना

आधी ऐक, मग हवं तेवढं रड. तुझी घोडी आज-उद्यात जात नाही असं डॉक्टरांनी तुला सांगितलंय, म्हणजे विचाराला थोडे दिवस हातात आहेत. ते भांडणात घालवू नकोस. तुमच्या ग्रुपवर निम्मे जण म्हणतात देवाने दिलेला जीव देवच नेईल, आणि उरलेले म्हणतात बिचारीला कशाला कुजवत ठेवताय. यांतल्या किती जणांनी तिची लीद उचललीय ते एकदा आठव आणि ग्रुप म्यूट करून टाक.

तू विचारलंस, "ताई, ती अजून हरभरा खाते गं, मग कसं म्हणू की वेळ झाली?" तिथूनच सुरू करू, कारण इथेच बहुतेक जण फसतात. घोडा पुष्कळदा शेवटपर्यंत खातो. मूळचं ते शिकार होणारं जनावर. कळपात जो लंगडतो त्याला वाघ आधी धरतो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. कुत्रं कुंई कुंई करतं, गाय हंबरते. घोडा गप्प उभा राहतो आणि आपण म्हणतो, "शांत आहे." खाण्यावर जाऊ नकोस, तोंडाकडे बघ. कान मागे ताठ, डोळ्याच्या वरचा भाग ओढलेला, जबड्याचे स्नायू घट्ट, नाकपुड्या ताणलेल्या, खालचा ओठ आवळलेला. 2014 साली संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टीच तयार केली, ती याच खुणांवर. आपले जुने नालबंद हे पट्टीशिवाय ओळखायचे, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक बघ. तिच्या पुढच्या पायांवर, खुराच्या वरच्या सांध्यावर समोरून खरचटलेलं आहे का? तू फोटो पाठवलास त्यात मला तसं वाटलं. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. सांधे इतके दुखत असतील की बसलो तर उठता येणार नाही अशी भीती वाटते, तेव्हा तो बसतच नाही. आठवडेच्या आठवडे गाढ झोपेविना काढतो, मग उभ्या उभ्या पुढचे पाय मोडून कोसळतो आणि दचकून उठतो. ती खरचट त्याची असते. आपल्याला दिसतं, "बघा, अजून पायावर उभी आहे." ती उभी आहे कारण तिला बसायची भीती वाटते.

तिच्या खुरात दाह आहे, लॅमिनायटिस, हे एक्सरेवर दिसलंय म्हणालीस. खुराच्या भिंतीला आतलं हाड धरून ठेवणारा थर सुटत चाललाय आणि हाड खाली फिरतंय. लवकर धरलं तर यातून घोडे बरे होतात, मी झालेले पाहिलेत. पण हाड तळव्यातून बाहेर डोकावायला लागलं की पुढे फारसं काही उरत नाही. पैशाने हे सुटत असतं तर बार्बारो वाचला असता. 2006 ची केंटकी डर्बी जिंकलेला घोडा, त्याच महिन्यात पुढच्या शर्यतीत मागचा पाय मोडला. मालकांकडे पैशाला तोटा नव्हता, अमेरिकेतलं नावाजलेलं रुग्णालय होतं, हाड जोडलंही. पण भार इतर पायांवर गेला, त्या खुरांत हाच दाह उतरला आणि जानेवारी 2007 मध्ये त्याला झोपवावं लागलं. आपल्याकडे देहरादूनचा शक्तिमान आठवतो ना? पोलिसांचा पांढरा घोडा, 14 मार्च 2016 ला मोर्चाच्या गोंधळात मागचा पाय गेला, कापला, कृत्रिम पाय लावला, सगळा देश त्याच्यासाठी हळहळला, आणि 20 एप्रिलला तो गेलाच. प्रयत्न केला म्हणून मी कुणाला नावं ठेवत नाही. मात्र त्या महिनाभरात कॅमेरे त्याच्यासाठी होते की आपल्यासाठी, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

तुला "मारणं" हा शब्द टोचतोय, कळतं मला. आपल्या घरात मुंगीच्या वारुळाला साखर घालणारी आजी होती. पण अहिंसेवर ज्याच्याइतका विचार कुणी केला नसेल त्या माणसालाही हे कोडं सोडवावं लागलं होतं. 1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तळमळत होतं, उपाय खुंटले होते. गांधीजींनी आश्रमातल्यांशी चर्चा केली, विरोधही ऐकून घेतला, आणि डॉक्टरकडून त्याला सुई देववली. मग 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'त ते स्वतःच जाहीरपणे लिहिलं. लोक तुटून पडले. जैन मंडळी दुखावली, शिव्यांची पत्रं आली. त्यांनी भूमिका सोडली नाही. त्यांच्या विचाराचं सार असं, की दुखणं बरं होण्यापलीकडचं असावं, सेवेनेही आराम देता येत नसावा, आणि ज्याचा जीव आहे त्याला आपली इच्छा सांगता येत नसावी. तिन्ही जुळलं तरच. मला त्यांचं पटतं ते मुख्यतः एका कारणासाठी: त्यांनी ते लपवलं नाही. तुझ्या संस्थेतही "रात्रीच गेली हो" असं देणगीदारांना सांगायची पद्धत पडू देऊ नकोस. एकदा खोटं सांगितलंस की पुढच्या वेळी निर्णय तब्येत बघून होत नाही, कोण काय म्हणेल ते बघून होतो.

बरं, ठरवायचं कुणी? तू विश्वस्त आहेस म्हणून एकटी तू? मुळीच नाही. केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात, 2011 साली, सर्वोच्च न्यायालयासमोर हाच पेच होता. त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी म्हणत होत्या सोडवा, आणि केईएमच्या परिचारिका म्हणत होत्या नाही, आम्ही सांभाळतो. न्यायालयाने अरुणा यांच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे दिला, कारण वर्षानुवर्षं भरवणं-पुसणं त्यांनी केलं होतं. माणसाची गोष्ट वेगळी आणि जनावराची वेगळी, दोन्ही एका तागडीत घालू नकोस. पण "हात लावणाऱ्याला आधी विचारा" हे मला फार योग्य वाटतं. तुमच्याकडचा जो पोरगा रोज खरारा करतो, तोबरा बांधतो, त्याला बैठकीत खुर्ची दे. तो काय बोलतो ते मराठीत, हिंदीत, त्याच्या भाषेत लिहून घे. फक्त एक सांभाळ: रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारी झीज दिसत नाही. म्हणून महिन्यातून एकदा येणाऱ्या बाहेरच्या पशुवैद्यकाचं मतही घे. दोघांचं जुळलं की तुझा निर्णय निम्मा झाला.

एक वही घाल. तिच्या नावाची. रोज रात्री फक्त एवढंच: आज आपणहून उठली का, धुळीत लोळली का, बाजूच्या पोनीला डिवचलं का, चावलेल्या गवताचे गोळे तोंडातून न पाडता खाल्लं का. घोड्याला घोडा राहण्यासाठी हे लागतं. वीस वर्षांपुढे दाढा झिजतात, मग कडबा चावता येत नाही. त्यावर उपाय आहे, भुसा-कोंडा भिजवून लापशी कर, म्हातारा घोडा त्यावर मजेत जगतो. तेवढ्यासाठी कुणाला सोडवायचं नसतं! पण वहीत सलग "नाही, नाही, नाही" यायला लागलं की ती वाच. आणि मेची वाट बघू नकोस. परदेशातले लोक म्हणतात, म्हाताऱ्या घोड्याचा निर्णय हिवाळ्याआधी घ्या. मराठवाड्यात तो उन्हाळ्याआधी घ्यायचा. बेचाळीस अंशांत पत्र्याच्या शेडखाली बसकण मारलेली घोडी उठवायला सहा माणसं लागतात, आणि तेवढ्यात तिची कूस सोलून निघते. तीन-चारशे किलोचं जनावर एका अंगावर पडून राहिलं की खालचे स्नायू आणि फुप्फुस तिच्याच वजनाने चेपतात. तेव्हा घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो, घाई असते.

आता पैशाचं, जे तू फोनवर बोललीच नाहीस. तिच्या एकटीच्या औषधपाण्यात दोन जनावरं सांभाळली जातील, आणि जागा तर नाहीच. मी तुला पैशाचा विचार करू नको असं सांगणार नाही, ते ढोंग होईल. पण दोन वेगळ्या वह्या ठेव. वेदनेच्या वहीत जागेचा हिशेब येता कामा नये. जागा नाही, तर नवीन जनावर घ्यायला नाही म्हण. धडधाकट घोडं केवळ गर्दी झाली म्हणून संपवायचं आणि त्याला दया म्हणायचं, हे मला कधीच पटणार नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांवर 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली. ती मला योग्यच वाटते, पण गाडी थांबते त्या दिवशी घोड्याची भूक थांबत नाही. आपल्या शहरातल्या टांग्यांचंही तेच झालं. उरल्यासुरल्या घोड्या लगीनसराईत वरातीत नाचतात, पावसाळ्यात बांधून राहतात, आणि थकल्या की तुझ्या दारात येतात. सगळ्यांना तू पुरणार नाहीस. नाही म्हणायला शिकलीस तर आत असलेल्यांना तरी पुरशील.

कागद नीट कर. घोडेवाल्याने तिला सोडलं तेव्हा ताबापत्र लिहून घेतलंयस ना? नसेल तर उद्याच घे. कागदावर ती अजून त्याची असेल तर तिच्या मरणाला तू कितीही चांगलं कारण दे, भारतीय न्याय संहितेचं कलम 325 आहे, कुणी उलटलं तर गोत्यात येशील. आणि पोलिसांनी जप्त करून दिलेलं जनावर असेल तर ते न्यायालयाचा मुद्देमाल, दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात कलम 13 आहे, ते असह्य अवस्थेतल्या जनावराला सोडवण्यासाठी. रस्त्यावर जायबंदी जनावर सापडलं आणि मालक नाही किंवा ऐकत नाही, तर शिपायाच्या (कॉन्स्टेबलच्या) वरचा पोलीस अधिकारी पशुवैद्यकाला बोलावतो, जगवणं क्रूरपणाचं आहे असा दाखला मिळाला की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने पुढचं होतं. तुमच्या घोडीसाठी तू मालकाचं पत्र, पशुवैद्यकाचा लेखी दाखला आणि वहीची प्रत एका फायलीत ठेव.

हां, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचं सगळं निराळं आहे, त्यात तुझी वही चालत नाही. 2006 मध्ये पुणे-पाचगणीकडे तो पुन्हा निघाला होता. माणसालाही होतो. रक्ताचा नमुना हिसारच्या अश्व संशोधन केंद्राकडे जातो, आणि तिथून बाधित आलं की जनावर कितीही टुणटुणीत दिसो, शासन ते नष्ट करतं. त्या दिवशी भावनेत येऊन घोडं लपवणारे लोक असतात. तू त्यांतली होऊ नकोस, शेडमधल्या बाकीच्यांचा आणि त्या पोराचा जीव बघ.

आता तो दिवस. ठरलं, तर सकाळी लवकर ठरव, उन्हं चढायच्या आत. जागा मोकळी, भुसभुशीत, विहिरीपासून लांब. जेसीबीने खड्डा आदल्या दिवशीच खणून घे, आणि तिच्या नजरेआड. डॉक्टरांना आधी गुंगीचं औषध द्यायला सांग, ती पुरती गुंगल्यावरच पुढची सुई. घोडा पडतो तेव्हा एकदम पडतो. दोरी डॉक्टर किंवा सरावातला माणूस धरेल, तू धरायची नाही, अंगावर येईल. त्यानंतर एखादा मोठा श्वास येतो, कातडी थरथरते, डोळे उघडेच राहतात. ती जागी नसते, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर आयुष्यभर तुझ्या डोक्यात ते फिरत राहील. डॉक्टर ठोके बघतील, डोळ्याला बोट लावून बघतील, तोवर कुणी हलायचं नाही. बाजूच्या पोनीला थोडा वेळ जवळ येऊन हुंगू दे. मग लगेच पुरायचं. त्या औषधाचा अंश देहात राहतो, कुत्री आणि घारी-गिधाडं खातील तर तीही मरतील. उघड्यावर टाकायला गाडी बोलावतो असं कुणी म्हणालं तर ऐकायचं नाही.

फोटो काढायचा नाही. पोस्ट टाकायची तर दुसऱ्या दिवशी टाक, आणि त्यात जुन्या मालकाला झोडपू नकोस. मला माहीत आहे, तिच्या पाठीवरचे खोगिराचे व्रण बघून तुझा संताप होतो. पण तो माणूस तिच्यावर पोट भरत होता आणि तिलाही त्यातलंच भरवत होता. शेवटी तिला विकण्याऐवजी तो तुझ्याकडे घेऊन आला. त्याला आधी फोन कर. येईन म्हणाला तर येऊ दे, नाही म्हणाला तर आग्रह करू नकोस. ताबापत्राची सही राहिली असेल तर ती मात्र त्याच फोनमध्ये मागून घे, नंतर मागायला तुलाच जड जाईल.