पाळणाघरातलं एकटेपण

प्रश्न : बदलापूरला घरीच पाळणाघर चालवते. पालक पहाटेच्या लोकलने जातात, रात्री येतात. दिवसभर मोठ्या माणसाशी बोलणं नाही. त्यात नियमांची धास्ती. काय करू?

उत्तर : ताई, मुलांच्या गलक्यातही असं एकटं वाटतं. अंबरनाथ-उल्हासनगरच्या पाळणाघरवाल्यांशी ओळख वाढवा. आजारपणात पालकांना विचारून एकमेकींची मुलं सांभाळता येतील. मन फारच खचलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

नियमांचं म्हणाल, तर 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यावी लागते. खरं गांभीर्य पोक्सोचं, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं. ऑगस्ट 2024मधल्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर बदलापूरकरांना ते सांगायला नको. अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतनीस ठेवण्याआधी तिची पोलीस पडताळणी जरूर करून घ्या.