वेळ चोरू नकोस, मागून घे

जळगाव, मार्गशीर्ष

चि. सौ. ताईस,


परवा रात्री फोनवर तू दबक्या आवाजात बोलत होतीस. बाळ झोपलंय, सासूबाईही झोपल्यात, स्वयंपाकघरातला दिवा लावून पुस्तक उघडलंय, म्हणालीस. मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा द्यायचं ठरवलंस हे ऐकून मला फार आनंद झाला. पण घरात अजून कुणालाच सांगितलं नाही, हे तुझं शेवटचं वाक्य तेव्हापासून मनात सलतंय. म्हणून हे पत्र.

एकोणतीस म्हणजे उशीर झाला का, असं तू तीनदा विचारलंस. त्याचं उत्तर एकदाच देते. नीटला आता वरची वयोमर्यादा नाही. २०१७ साली खुल्या गटाला २५ आणि राखीव गटाला ३० अशी अट आणली होती. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती काढून टाकली. २०२० साली ओडिशातले स्टेट बँकेचे एक निवृत्त अधिकारी वयाच्या ६४ व्या वर्षी नीट पास होऊन बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखल झाले. आणि आपल्या रखमाबाई १८८९ साली लंडनला वैद्यकी शिकायला निघाल्या, तेव्हा त्याही पंचविशीला टेकल्या होत्या. त्याआधी दोनच वर्षं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, हा कोर्टाचा निकाल त्यांनी अंगावर घेतला होता. तेव्हा वयाचा विषय इथेच संपला.

माझी काळजी दुसरीच आहे. तू जे आता करतेस ना, ते मी केलेलं आहे. पस्तिशीत असताना मी मुक्त विद्यापीठाच्या पदवीचा अभ्यास करत होते. वॉर्डातली नर्सची ड्यूटी, दोन मुलं, घरात सासरे अंथरुणाला खिळलेले. पुस्तकं तांदळाच्या डब्यामागे ठेवायची, सगळे झोपले की काढायची, पहाटे परत जागच्या जागी. कुणी नको म्हटलं असतं असंही नाही. मी विचारलंच नव्हतं. आपल्यासाठी वेळ मागायचा म्हणजे कुणाच्या तरी वाटणीचं काढून घ्यायचं, असं मला वाटायचं.

एका सकाळी एका पेशंटचं अँटिबायोटिक द्यायचं होतं. पावडरची बाटली, ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची, रोजचं काम. मी ट्रेमधून अँप्युल उचलली, मान मोडली, सिरिंजमध्ये ओढून घेतली. शेजारी उभी असलेली सहकारी हळूच म्हणाली, "सिस्टर, हातातलं एकदा वाचा." वाचलं. पोटॅशियम क्लोराईड. सलाईनमध्ये मिसळून अगदी सावकाश द्यायचं औषध, थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. दोन्ही अँप्युल सारख्याच, आतलं पाणीही सारखंच दिसतं. आदल्या रात्री मी अडीच तास झोपले होते. त्या माणसाला काही झालं नाही. पण माझे हात त्या दिवशी दुपारपर्यंत थरथरत होते, आणि तिचा आवाज मला आजही ऐकू येतो.

तू तर लॅबमध्ये काम करतेस. तुझ्या हातातल्या नळीवरचं नाव चुकलं तर एखाद्याला भलत्याच गटाचं रक्त चढेल. म्हणून सांगते, झोपेतून एक तासही काढायचा नाही. सहा तास झोप ठरलेली. आनंदीबाईंची गोष्ट आपण मुलींना हौसेने सांगतो. पण १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती, हे सांगताना आपला आवाज खाली येतो. शिकणाऱ्या बाईच्या शरीराकडे घराने लक्ष द्यायचं असतं. आणि घराला माहीतच नसेल तर ते देणार कसं?

तेव्हा आधी हिशोब मांड. पहाटे साडेचार ते साडेसहा, आठवड्याचे सहा दिवस. रविवारी सहा तास. झाले अठरा. येत्या मेमधल्या परीक्षेपर्यंत अठरा-वीस आठवडे उरलेत, तेवढ्यात होणार नाही, हे मी तुझ्यावर माया आहे म्हणूनच स्पष्ट सांगते. येता मे सरावाचा. त्याच्या पुढचा मे खरा. तोपर्यंत तुझ्या हातात बाराशेच्या वर तास येतात आणि तेवढ्यात खूप काही होतं. लातूर पॅटर्नवाल्या मुलांचं वेळापत्रक भिंतीवर लावू नकोस. ती सतरा वर्षांची पोरं, खोली घेऊन राहतात, जेवण मेसमधून येतं. त्यांच्याशी तुझी तुलना नाही.

पहाटेचे दोन तास फिजिक्सला दे, कारण तुझं तेच कच्चं आहे आणि ताजं डोकं त्यालाच लागतं. १८० प्रश्नांपैकी फिजिक्सचे ४५, केमिस्ट्रीचे ४५, उरलेले ९० बायोलॉजीचे. ते ९० तुझे आहेत, माय. स्लाइडवर अँटी-ए आणि अँटी-बीचा थेंब टाकून तू रोज गुठळ्या बघतेस. दोन्हीकडे गुठळ्या झाल्या की एबी लिहितेस. पुस्तकात को-डॉमिनन्सचं उदाहरण म्हणून हेच दिलेलं असतं. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, सेंट्रिफ्यूज फिरत असताना एकेक पान वाचलं तरी ते तुला चिकटेल. आणि बारावीची जुनी पुस्तकं कपाटात ठेवून दे. २०२४ पासून अभ्यासक्रम कमी झालाय, पचनसंस्थेसारखे धडे गेलेत. नवीन पुस्तकं घे.

आता घरचं. एका संध्याकाळी जेवणं झाली की सगळ्यांना बसव आणि सांग. सासूबाईंना आधी. ज्या बाईने दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून दोन मुलांना शिकवलं, तिला शिक्षणाची किंमत समजावून द्यावी लागत नाही. नवऱ्याला सांग, की सकाळचा डबा आणि बाळाला शाळेत सोडणं यापुढे त्याचं. मदत म्हणून नको, मदत चार दिवसांत आटते. त्याचं काम म्हणूनच घेऊ दे. आणि परीक्षेचे हे दोनच मे महिने, त्यापुढे नाही, हेही तूच बोल. शेवट दिसत असला की माणसं ओझं उचलतात.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र लपवू नकोस. आजचा अभ्यास नोकरी सांभाळून होतो, एमबीबीएस होत नाही. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी. पगार त्या दिवसापासून बंद. धुळ्याचं चक्करबर्डीचं कॉलेज मिळालं तर संध्याकाळी घरी येशील. आपल्या जळगावच्या जुन्या सिव्हिलमध्ये २०१८ पासून कॉलेज आहे, तिथे मिळालं तर माझं घर आहे. पण नंबर अकोल्याला किंवा नांदेडला लागला तर? हा प्रश्न निकालाच्या दिवशी पहिल्यांदा घरात निघाला तर भांडण होईल. आज निघाला तर विचार होईल. साडेपाच वर्षांच्या खर्चाचा आकडा कागदावर लिहून समोर ठेव. त्यात माझ्या पेन्शनमधले दरमहा पाच हजार धर. हे मी तुझ्या बाबांनाही सांगितलंय, नाही म्हणायचं नाही.

बाळाची तुला टोचणी लागते, हे बोलली नाहीस तरी मला कळलं. त्याला खोटं सांगू नकोस. सहा वर्षांच्या पोराला 'आई परीक्षा देणार आहे' हे चांगलं समजतं. पहाटे उठलाच तर त्याची पाटी घेऊन शेजारी बसव.

रविवारी सकाळच्या एसटीने निघते. पारोळ्यावरून धुळ्याला दहापर्यंत पोचेन. मेहरूणची बोरं आणते, सासूबाईंसाठी कळण्याचं पीठ आणते. संध्याकाळचं घरच्यांशी बोलणं तुझं तू करायचं, मी नुसती शेजारी बसेन. नीटचा पेपर दुपारी दोन ते पाच असतो, तोही ऐन मे महिन्यात, आपल्या खानदेशातल्या उन्हात. तेव्हा सवय आतापासून त्याच वेळेची हवी. त्या दुपारी जेवणं झाली की तू वरच्या खोलीत घड्याळ लावून पेपर सोडवायला बस. बाळाला मी एकवीरा देवीला नेते, पांझरेच्या काठाने फिरवून पाचनंतरच आणते.

तुझी
आत्या