स्वमग्न बालकांचा संवाद व पालकांचा सहभाग

दोन वर्षांचे मूल हाकेला प्रतिसाद देत नाही, बोटाने वस्तू दाखवीत नाही. तेव्हा “बोलेल हळूहळू, याचा बापही उशिराच बोलला” असे म्हटले जाते व मोलाचा काळ निघून जातो. अशा बालकाची प्रथम श्रवणतपासणी करून घ्यावी आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

नामपूरहून वाक्-उपचारासाठी वारंवार नाशिक गाठणे म्हणजे बुडालेली मजुरी व प्रवासखर्च. हिशेब सांभाळणाऱ्या आम्हांस ही अडचण प्रथम दिसते. म्हणून गोव्यातील ‘संगत’ संस्थेचे कार्य आम्हांस महत्त्वाचे वाटते. गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे २ ते ९ वर्षांच्या ६५ बालकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालक व मूल यांच्या खेळाचे चित्रीकरण पालकांनाच दाखविले आणि मुलाचे संकेत ओळखण्यास शिकविले. ही बालके पालकांशी स्वतःहून अधिक संवाद साधू लागली. (दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढला नाही, यास कोणी चमत्कार समजू नये.)

रीत साधी, पण संयमाची आहे. मूल हात धरून माठाकडे ओढते, तेव्हा प्रश्नांची सरबत्ती करू नये. “पाणी” एवढेच म्हणावे व थांबावे. नजर, हात, अस्फुट आवाज, जे येईल ते उत्तर मानून पाणी द्यावे. घरची बोली अहिराणी असल्यास “पानी” म्हणावे. दोन भाषांमुळे स्वमग्नता वाढत नाही.