पडत्या दगडाचे गणित

४५ मीटर उंचीच्या कड्यावरून दगड सोडला, तर तो किती वेळात खाली पोहोचेल? दगड हातात असतानाच याचे उत्तर सांगता येते. परंतु ही विद्या मानवास सहजासहजी प्राप्त झाली नाही.

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा अधिक वेगाने पडते, असे ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याचे मत होते. शतकानुशतके बहुतेक पंडितांनी ते प्रमाण मानले. इटलीतील पिसा नगरात १५६४ साली जन्मलेल्या गॅलिलिओने मात्र ते पडताळून पाहण्याचे ठरविले.

सेकंद अचूक मोजणारी घड्याळे त्या काळी नव्हती आणि वस्तू तर क्षणार्धात खाली येई. म्हणून त्याने एक युक्ती योजिली. लाकडी तुळईत गुळगुळीत खोबण करून ती उतरती ठेवली व खोबणीतून धातूची गोळी सोडली. गोळी खाली येईपर्यंत भांड्यातून बारीक धारेने जे पाणी पडे, ते तोलून तो वेळ ठरवी. दुप्पट वेळात गोळी चौपट अंतर जाई आणि तिप्पट वेळात नऊपट! उतार बदलला, तरी हे प्रमाण बदलत नसे. सरळ खाली पडणाऱ्या वस्तूसही हाच नियम लागू आहे, हे त्याने ओळखले.

पृथ्वी फिरते, या मताचा पुरस्कार केल्याबद्दल १६३३ साली धर्मपीठाने त्यास शिक्षा दिली. आपल्याच घरात बंदिवास भोगीत असता त्याने हा नियम सांगणारा ग्रंथ पूर्ण केला. १६३८ साली तो हॉलंडमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गॅलिलिओची दृष्टी गेली होती.

आता कड्यावरील दगडाकडे वळू. सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर पडतो. म्हणून 'क्ष' सेकंदांत तो ५क्ष² मीटर पडेल. यावरून,

५क्ष² = ४५
क्ष² = ९

अज्ञात संख्येचा वर्ग असलेल्या अशा समीकरणास वर्गसमीकरण म्हणतात. याची उत्तरे दोन : ३ आणि उणे ३. उणे ३ म्हणजे दगड सोडण्यापूर्वीची वेळ. तेव्हा तो हातातच होता. म्हणून ते उत्तर सोडून द्यावे. दगड सुमारे ३ सेकंदांत खाली पोहोचेल.

पीस मात्र रेंगाळत येते. त्यास हवा अडविते. चंद्रावर हवेचा अडथळा नाही. तेथे १९७१ साली डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने हातोडा आणि पीस एकदम सोडले. दोन्ही एकाच क्षणी भूमीवर टेकले.