हार्ड डिस्कची स्वतःची खतावणी

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, अशी ताकीद कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपले बहुतेक व्यापारी बांधव आता हे लिखाण संगणकावर करतात. चोपडी गेली, टॅली आली. परंतु ज्या हार्ड डिस्कवर सारे देणे-घेणे साठते, ती डिस्कसुद्धा स्वतःच्या तब्येतीची एक वही लिहीत असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. या वहीला 'स्मार्ट' म्हणतात.

१९९२ साली आयबीएम कंपनीने बिघाडाची आगाऊ सूचना देणाऱ्या डिस्क आणल्या. १९९५ मध्ये कॉम्पॅकने सीगेट, क्वांटम व कॉनर या डिस्क बनविणाऱ्या कंपन्यांना बरोबर घेऊन तशीच पद्धत काढली व तिच्यातून 'स्मार्ट' तयार झाले. आज जवळजवळ प्रत्येक डिस्कमध्ये ते असते.

या वहीत बऱ्याच नोंदी असतात. आम्ही मुख्यतः दोन पाहतो. नोंद क्रमांक १९७ म्हणजे संशयित येणे. डिस्कला एखादा कप्पा नीट वाचता आला नाही की ती त्याचे नाव येथे टिपून ठेवते. पुढे त्या कप्प्यावर नवे लिखाण झाले आणि ते नीट उमटले, तर नाव खोडले जाते. न उमटल्यास कप्पा बुडीत खात्यात जातो व राखीव साठ्यातील दुसरा कप्पा त्याच्या जागी लावला जातो. हे बुडीत खाते म्हणजे नोंद क्रमांक ५. प्रत्येक नोंदीला कंपनीने एक किमान मर्यादा ठरविलेली असते व गुण तिच्यापर्यंत घसरले तरच डिस्क स्वतःला नापास म्हणते. आमच्या मते तोवर थांबणे म्हणजे दिवाळे निघाल्यावर हिशेब मागणे होय.

नोंद १९४ तापमानाची. डिस्कमधील संवेदक ते अंश सेल्सिअसमध्ये सांगतो. पुष्कळ कंपन्या ६० अंश ही मर्यादा देतात; ५० च्या वर आकडा गेला की आम्ही पेटी उघडून पंखा साफ करण्यास सांगू. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यांत कापसाचे तंतू पंख्यात बसतात, त्यात एप्रिल-मेची उष्णता. तरीही तापमानाची धास्ती अवाजवी नको. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उष्णतेचा संबंध समजुतीपेक्षा कमी निघाला. उलट डिस्कने स्वतःची तपासणी करताना पहिला दोष नोंदविल्यानंतर ६० दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता, दोष नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट आढळली. आणखी एक गोष्ट त्यात होती: बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी मुख्य चार खुणांपैकी एकही आधी दाखविली नव्हती. म्हणजे वही कोरी असली तरी दुसरी प्रत हवीच.

जुने संगणक विकणाऱ्या बांधवांसाठी नोंद क्रमांक ९ महत्त्वाची. ती डिस्क किती तास चालली ते सांगते. सहा महिन्यांत तास होतात सुमारे ४,४००. 'सहा महिनेच वापरली' म्हणून दिलेल्या डिस्कवर १५,००० तास दिसले, तर बोलणे खोटे आहे. मालातील ऐब लपवून विकणे जायज नाही. हा आकडा गिऱ्हाईकाला दाखवूनच सौदा करावा.

वही वाचण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन विंडोजवर चालते. निळा रंग ठीक, पिवळा सावध, लाल वाईट. स्मार्टमॉनटूल्स हेही मोफत असून त्याने डिस्कला स्वतःची परीक्षा घ्यायला लावता येते. छोटी परीक्षा दोनेक मिनिटांची. मोठीत पूर्ण पृष्ठभाग वाचला जातो व कित्येक तास लागतात, म्हणून ती दुकान वाढविल्यावर रात्री लावावी. संगणक आपोआप झोपणार नाही एवढे पाहावे. यूएसबीच्या काही पेट्या ही माहिती बाहेर येऊच देत नाहीत, तेव्हा डिस्क थेट जोडून पाहावी.

१९७ चा आकडा वाढताना दिसला, तर मात्र आधी मोठी परीक्षा लावू नये, मरणपंथाला लागलेली डिस्क त्या ताणातच जाऊ शकते. प्रथम खाती, नंतर डिझाइनच्या फायली दुसरीकडे उतरवाव्यात. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, ती जुनी वर्षेही त्याच वेळी उतरवून घ्यावीत.