सायकलीचा जीर्णोद्धार

जुन्या वाड्याच्या जिन्याखाली, चाळीच्या सज्जात किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असलेली एखादी काळी, उंच सायकल तुम्ही पाहिली असेल. तिच्या टायरांतील हवा केव्हाच गेलेली असते. हॅंडलवर तांबूस गंज चढलेला असतो. कॅरिअरवर जुन्या गोण्या पडलेल्या असतात. घरातील वडीलधारे माणूस तिच्याकडे बोट दाखवून म्हणते, “याच सायकलीवरून मी रोज कामाला जात असे.” घरातील दुसरे कोणी म्हणते, “भंगारवाल्याला देऊन टाकावी. उगाच जागा अडवते.”

दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे असते. अशा सायकलीचे वजन सुमारे वीस किलो भरते. लोखंडाच्या भावाने तिचे थोडे पैसे येतील आणि जागा मोकळी होईल. परंतु हीच सायकल पुन्हा रस्त्यावर आली, तर शाळेला, मंडईला किंवा कचेरीला जाण्याची सोय होईल. आणि त्यासाठी पेट्रोलचा एक थेंबही लागणार नाही. मग निर्णय कसा करावा? त्यासाठी आधी ते यंत्र समजून घेतले पाहिजे.

आजच्या सायकलीचा आकार फार जुना आहे. इंग्लंडमधील जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली दोन जवळजवळ सारख्या चाकांची आणि मागचे चाक साखळीने फिरविणारी ‘रोव्हर’ ही सायकल बाजारात आणली. पुढे १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आपल्या मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत, या खटपटीतून त्याला ही कल्पना सुचली होती. सायकलीचा मूळ सांगाडा त्यानंतर फारसा बदललेला नाही.

आपल्या देशात आरंभी बहुतेक सायकली इंग्लंडमधून येत. कोणाच्या कपाळावर रॅलेच्या बगळ्याचे चिन्ह असे, तर कोणाच्या कपाळावर बीएसएच्या तीन बंदुका. स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांनी जोर धरला. मद्रासेत १९४९ साली टीआय सायकल्स, सोनीपतला १९५१ साली अॅटलस आणि लुधियानात १९५६ साली हीरो सायकल्स या कंपन्या स्थापन झाल्या. पुणे हे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. विद्यार्थी, कारकून, कामगार, प्राध्यापक अशा सर्वांचे ते वाहन होते. पुढे स्कूटरी आणि मोटारसायकली वाढल्या आणि सायकली जिन्याखाली गेल्या.

या काळ्या सायकलींचा एक मोठा गुण असा, की वर्षानुवर्षे त्या जवळजवळ एकाच मापाने बनत राहिल्या. त्यांना लागणारे अठ्ठावीस गुणिले दीड इंचाचे टायर, साखळ्या, पेडले आणि छर्रे आजही मिळतात. म्हणून अनेक वर्षे पडून राहिलेली सायकलही दुरुस्त होऊ शकते.

तथापि दुरुस्तीचा हात लावण्यापूर्वी परीक्षा करावी. वैद्य औषध देण्याआधी नाडी पाहतो, तसेच हे आहे. प्रथम सांगाडा पाहावा. नळ्या जेथे जोडल्या आहेत, तेथे बारीक चीर आहे काय? हॅंडलखालच्या नळीमागे रंगाला सुरकुत्या पडल्या आहेत काय? तशा असतील, तर सायकल कोठेतरी जोराने आदळलेली आहे असे समजावे. सांगाडा सरळ आहे की नाही, हे एका दोऱ्याने कळते. मागच्या चाकाच्या खाचेपासून दोरा ताणून पुढे हॅंडलच्या नळीला वळसा घालावा आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणून बांधावा. मग सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडील दोऱ्यांचे अंतर मोजावे. ते सारखे भरले, तर सांगाडा सरळ आहे. फार फरक आला, तर ते काम जाणत्या मिस्त्रीकडे न्यावे. सांगाड्याला चीर गेली असेल, तर मोहाला बळी पडू नये. रंगाखाली झाकलेली चीर भर रस्त्यात उघडी पडते. अशी सायकल आठवण म्हणून घरात ठेवावी, तिच्यावर बसू नये.

सांगाडा निकोप निघाला, की सायकल खोलावयास घ्यावी. खोलणे सोपे असते. पुन्हा जोडणे मात्र अवघड. म्हणून प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र किंवा रेखाचित्र काढून ठेवावे. सुटे भाग निरनिराळ्या डब्यांत ठेवून त्यांवर नावे लिहावीत. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. उजवे पेडल नेहमीच्या आट्याचे असते, पण डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. हे ज्याला ठाऊक नसते, तो डावे पेडल सोडविण्याच्या खटपटीत अधिकच आवळून बसतो. गंजाने धरलेल्या नटांवर बळाचा प्रयोग करू नये. तेलाचे चार थेंब सोडून त्यांना रात्रभर तसेच राहू द्यावे. घणाने जे होत नाही, ते पुष्कळदा तेलाने आणि धीराने होते. क्रँकमधील कॉटर काढण्याचे काम मात्र मिस्त्रीच्याच हाती सोपवावे, कारण वेडावाकडा हातोडा बसला तर आटे मोडतात.

आता चाकांच्या हबात पाहा. तेथे लहान लहान पोलादी छर्रे असतात. पुढच्या हबात बहुधा प्रत्येक बाजूस दहा आणि मागच्या हबात नऊ. जुने वंगण वाळून राळेसारखे चिकट झालेले असते. ते रॉकेलने धुऊन काढावे. हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, विस्तवापासून दूर करावे. छर्रे मोजून घ्यावेत आणि खड्डे पडलेले छर्रे ठेवू नयेत. ते स्वस्त असतात, तेव्हा सगळेच नवे घालणे उत्तम. नवे वंगण भरून कोन असा आवळावा, की चाक डुलणार नाही आणि अडणारही नाही. नीट बसलेले चाक उचलून सोडले, की वॉल्व्हच्या वजनाने आपोआप फिरते आणि वॉल्व्ह खाली येऊन थांबते.

अशा सायकलीच्या पुढच्या चाकाला सामान्यतः बत्तीस आणि मागच्याला चाळीस तारा असतात. बसणाऱ्याचा आणि सामानाचा अधिक भार मागच्या चाकावर पडतो, म्हणून हा फरक. चाक फिरताना डावीउजवीकडे जाऊ लागले, म्हणजे मिस्त्री म्हणतो, “चाक आउट झाले आहे.” मग तो एकेका तारेचे निपल पाव पाव फेरा फिरवून चाक सरळ करतो. बोटाने छेडून पाहिल्यास सारख्या ताणाच्या तारा सारखाच सूर देतात. चांगल्या कारागिराचे कान हेही त्याचे एक हत्यारच असते.

आता रंगाचा प्रश्न येतो. जुनी सायकल नव्या रंगाने चकचकीत करावी, असे पुष्कळांना वाटते. पण मूळचा काळा रंग, त्यावरील बारीक सोनेरी रेघा आणि कारखान्याची मुद्रा ही एकदा खरवडली, की परत येत नाहीत. म्हणून आधी साबणाच्या कोमट पाण्याने हलकेच पुसून पाहावे. मळाखाली किती रंग शिल्लक असतो, हे पाहून आश्चर्य वाटते! हॅंडलच्या चमकदार मुलाम्यावरील गंज काढावयाचा असेल, तर अॅल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा पाण्यात भिजवून घासावा. अॅल्युमिनियम हे क्रोमियमपेक्षा मऊ असते, त्यामुळे गंज निघतो आणि मुलाम्याला ओरखडा पडत नाही.

येथवर आपण सायकल जशी होती तशी करीत होतो. पण तिला रोज रस्त्यावर न्यावयाचे असेल, तर आजच्या गरजाही पाहिल्या पाहिजेत. काय ठेवावे आणि काय बदलावे?

पहिली गोष्ट ब्रेकची. या सायकलींना सळईचे ब्रेक असतात. दट्टा ओढला, की रबराचे ठोकळे रिमला आतून टेकतात. कोरड्या दिवशी ते काम करतात, पण पावसात ओल्या पोलादी रिमवर त्यांची पकड फारच कमी होते. जुने रबर दगडासारखे कठीण झालेले असते, ते अवश्य बदलावे. पावसाळ्यात वेग कमी ठेवावा आणि थांबण्याच्या जागेच्या पुष्कळ आधी ब्रेक हलके लावून रिमवरचे पाणी निपटून घ्यावे. ज्यांना भर पावसातही गर्दीतून जावे लागते, त्यांनी हबातच ब्रेक असलेले पुढचे चाक बसवावे. तो ब्रेक झाकलेला असल्यामुळे सहसा भिजत नाही.

दुसरी गोष्ट चढाची. समजा, पेडलाजवळच्या मोठ्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पेडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरते आणि सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. आता १८ दात्यांच्या जागी २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवा. चाक बरोबर दोनदा फिरेल आणि सायकल सुमारे साडेचार मीटर जाईल. अंतर घटले खरे, पण चढावर पायांना लागणारा जोरही त्याच प्रमाणात घटला! सपाट रस्त्याच्या गावी १८ दाते बरे, चढउताराच्या गावी २२. या बदलासाठी साखळी सुमारे एक इंच लांब करावी लागते, एवढेच.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. टायरला घासून चालणारा जुना डायनामो सायकल थांबली, की विझतो. म्हणजे चौकात उभे असताना, नेमके इतरांनी आपल्याला पाहावे तेव्हाच, आपण अंधारात असतो. म्हणून बॅटरीवरील एलईडी दिवा जोडावा. तो जुन्या दिव्याच्या पितळी कवचातही बसविता येतो. मागे लाल दिवा व लाल परावर्तक हवेतच.

याउलट काही जुन्या गोष्टी आजही उत्तम आहेत. पूर्ण चेनकव्हरमुळे धोतर आणि पातळ साखळीत अडकत नाही. ते पाटलोणीलाही तितकेच उपयोगी पडते. रुंद मडगार्ड चिखल उडू देत नाहीत. उंच हॅंडलमुळे पाठ ताठ राहते आणि गर्दीत दूरवर नजर जाते. ही केवळ सवयीने चालत आलेली नाही, तर अनुभवाने सिद्ध झालेली सोय आहे.

बदल करताना एक नियम पाळावा : जे परत फिरविता येणार नाही, ते करू नये. सांगाड्याला भोक पाडू नये. नवा भाग पट्टीने आवळून बसवावा. काढलेला मूळ भाग पुसून, तेल लावून, नाव लिहून जपून ठेवावा. उद्या कोणाला ती सायकल पूर्वीसारखी करावीशी वाटली, तर त्याची वाट आपण बंद करता कामा नये.

सायकल तयार झाल्यावरही काम संपत नाही. आठवड्यातून एकदा हवा, पंधरवड्यातून एकदा साखळीला तेल आणि रोज निघण्यापूर्वी ब्रेक व घंटी यांची तपासणी, एवढी सेवा ती मागते. सायकल उंचीला मोठी असेल, तर मुलांनी घाई करू नये. सीटवर बसून पाय पेडलापर्यंत नीट पोहोचेपर्यंत थांबणे, हेच शहाणपण होय.

पुण्यात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली जुन्या सायकलींचे संग्रहालय उघडले. संग्रहालयातील सायकल काळ थांबवून उभी असते, म्हणून तिच्यात काही बदलू नये. रस्त्यावरील सायकल काळाबरोबर चालते, म्हणून तिला थोडे बदलावे लागते. दोहोंचाही मान सारखाच आहे. ‘जुने ते सोने’ असे आपण म्हणतो. परंतु सोनेही कसोटीवर घासून घ्यावे लागते. जुनी वस्तू डोळे मिटून फेकणे सोपे आहे आणि डोळे मिटून पुजणेही सोपे आहे. डोळे उघडे ठेवून तिची परीक्षा करणे, निकोप असेल ते राखणे आणि उणे असेल ते भरून काढणे, याला मात्र ज्ञान लागते, हात लागतात आणि धीर लागतो.

अभ्यास

१. सायकलीचा सांगाडा सरळ आहे की नाही, हे दोऱ्याच्या साहाय्याने कसे ओळखावे?
२. मागच्या चाकाला पुढच्या चाकापेक्षा अधिक तारा का असतात?
३. मोठ्या चक्राला ४८ दाते आणि फ्रीव्हीलला १६ दाते असतील, तर पेडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरेल? अशी सायकल चढावर सोपी जाईल की अवघड? का?
४. ‘जे परत फिरविता येणार नाही, ते करू नये’ हा नियम लेखकाने का सांगितला आहे?
५. पुढील शब्द वाक्यांत वापरा : जीर्णोद्धार, निकोप, कसोटी, देखरेख.
६. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू निवडा. तिच्यात काय राखावे आणि काय बदलावे, यासंबंधी दहा ओळी लिहा.