विषमज्वराचा जंतू : शरीरातील वाटचाल व प्रतिबंध

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा, म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका, हा काळी नदीच्या खोऱ्यातील अरण्यात विखुरलेल्या वाड्यांचा प्रदेश आहे. अशा ठिकाणी पिण्याचा एकच झरा वा विहीर दूषित झाल्यास सबंध वाडीला विषमज्वराचा धोका संभवतो. म्हणून या रोगाची वाटचाल ग्रामीण आरोग्यसेवकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

विषमज्वर (टायफॉइड) साल्मोनेला टायफी या जंतूमुळे होतो. साल्मोनेलाचे इतर अनेक प्रकार पशुपक्ष्यांत आढळतात व कच्ची अंडी, अर्धवट शिजलेले मांस यांवाटे जुलाब-उलट्या घडवितात. टायफीला मात्र मनुष्यावाचून अन्य आश्रय नाही. एकाच्या विष्ठेतून पाण्यात वा अन्नात आणि तेथून दुसऱ्याच्या मुखात, हाच त्याचा मार्ग होय.

गिळलेले पुष्कळ जंतू जठरातील आम्लाने मरतात. उरलेले लहान आतड्याच्या भित्तिकेतील लसिकापुंजांत शिरतात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात. परंतु ते पेशींच्या आतही जिवंत राहतात व यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत पोहोचून वाढतात. बहुधा ७ ते १४ दिवसांनी ते पुन्हा रक्तात उतरतात, तेव्हा दिवसेंदिवस चढणारा ताप, डोकेदुखी व अशक्तपणा ही लक्षणे दिसू लागतात. पित्तावाटे ते पुन्हा आतड्यात येतात. लसिकापुंजांवर व्रण पडून, उपचाराअभावी साधारणतः तिसऱ्या आठवड्यात रक्तस्राव होण्याचा किंवा आतड्यास छिद्र पडण्याचा संभव असतो.

ताप उतरला म्हणजे जंतू गेला, असे समजू नये. शंभरांपैकी १ ते ५ रुग्णांच्या, विशेषतः पित्ताशयात खडे असलेल्यांच्या, विष्ठेतून जंतू वर्षाहून अधिक काळ बाहेर पडत राहतात. अशी वाहक व्यक्ती स्वतः निरोगी दिसते.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. ताप ओसरला तरी वैद्यकीय सल्ल्याने दिलेली औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावीत.

२. निदान केवळ विडाल चाचणीवर विसंबून करू नये. शक्य तेथे औषध सुरू होण्यापूर्वी रक्ताची जंतुसंवर्धन तपासणी करावी.

३. शौचकूप पाणवठ्यापासून किमान १५ मीटर दूर व उताराच्या खालच्या बाजूस असावा.

४. पाणी उकळून प्यावे. शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत.

लसीचाही उपयोग होतो. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली संयुग्मित लसीची मोहीम राबवून १ लाखाहून अधिक बालकांना ती टोचली. तथापि लस घेतली तरी पाणवठ्याची राखण सोडता येत नाही.